कानामागचं हाड काय सांगतं



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्यांवर कमी आणि एका मोबाईलवर जास्त झाली. एका ताईंना त्यांच्या मुलाने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक माणूस कवटीचं चित्र दाखवून सांगत होता की, पाच हजार वर्षांपूर्वीच्या हाडांची तपासणी झाली आहे आणि या देशातले मूळचे कोण, बाहेरचे कोण, हे आता पक्कं ठरलं आहे. दुसऱ्या एकीकडेही व्हिडिओ आला होता, त्याच हाडांचा, पण त्यात बरोबर उलटं सांगितलेलं. दोघी दोन बाजूंना झाल्या. चहा आला तरी आवाज खाली येईना. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "अगं, हाड एक अन् बोलणं दोन कसं? आधी त्या हाडाला कुणी नीट विचारलं तरी का?"

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण गटाचं खातं बघताना मी जशी पावती मागते, तशी या गोष्टीचीही पावती शोधली. आजचं बोलणं त्याबद्दल आहे. जुन्या हाडांना विचारायचं कसं, ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत.

आधी डीएनए म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा असतो. त्या धाग्यावर जणू चारच अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. अक्षरं चारच, पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. त्या दोघांना त्यांच्या आईबापांकडून आलेला असतो. म्हणून एका माणसाच्या मजकुरात त्याच्या शेकडो पूर्वजांचे तुकडे असतात. आपली वाकळ असते ना, तशी. एका वाकळीत आजीचं लुगडं, आईची साडी, बापाचं धोतर, पोरांचे सदरे, सगळ्यांचा एकेक तुकडा.

माणूस मेला की हा धागा तुटायला लागतो. जिवंतपणी शरीर त्याची डागडुजी करत असतं, ती थांबते. ऊन, ओल आणि मातीतले जीवजंतू मिळून त्याचे बारीक बारीक तुकडे करतात. हजारो वर्षांनी उरतात ते तीस, पन्नास, सत्तर अक्षरांचे कपटे. थंड प्रदेशात हे कपटे जास्त टिकतात. गारठलेल्या जमिनीत सापडलेल्या हत्तीसारख्या मॅमथ प्राण्याचा डीएनए दहा लाखांहून अधिक वर्षं टिकल्याचं २०२१ मध्ये दिसलं. आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. दूध दुपारपर्यंत टिकत नाही तिथे डीएनए काय टिकणार. म्हणून सैबेरिया आणि युरोपातल्या हाडांची माहिती भराभर मिळाली आणि आपल्याकडची अडून राहिली.

आता ते हाड. हरियाणात हिसार जिल्ह्यात राखीगढी नावाचं गाव आहे, दिल्लीपासून दीडशे किलोमीटरवर. हडप्पा, मोहेंजोदडो शाळेत आपण शिकलो, त्याच संस्कृतीचं हे मोठं शहर. आज त्या जुन्या शहराच्या टेकाडांवर माणसं राहतात, बाया गोवऱ्या थापतात. तिथल्या दफनभूमीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथे पुरलेली होती, सोबत मातीची भांडी ठेवून.

या सांगाड्यांमधून ६१ नमुने डीएनएसाठी तपासले. ६१ पैकी किती हाती लागले असतील? एक. एका बाईचा.

मला हा आकडा वाचून कसंतरीच झालं. ६१ जणींनी बचत सुरू करावी आणि एकीचंच पासबुक भरावं, तसं. आणि त्या एकीचंही काम सोपं नव्हतं. पुन्हा पुन्हा, शंभराहून जास्त वेळा तिच्या हाडाच्या भुकटीतून डीएनए गोळा करावा लागला, तेव्हा कुठे वाचता येईल इतका मजकूर जमला. शास्त्रज्ञ मजकुरातली जी बारा लाख ठरावीक ठिकाणं तपासतात, त्यांतली जेमतेम तीस-एक हजार तिच्याकडे वाचता आली. इतकी फाटकी वाकळ. कागदोपत्री तिला नाव नाही, क्रमांक आहे: आय ६११३.

हे कसं करतात ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी एक लहानसं हाड असतं. शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड ते. आपल्याला ऐकू येण्याचं यंत्र त्याच्या आत असतं. ते इतकं भरीव असतं की बाहेरची ओल आणि जंतू आत शिरायला वेळ लागतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लक्षात आलं की दुसऱ्या कुठल्याही हाडापेक्षा या हाडात डीएनए जास्त टिकतो. उष्ण देशांतल्या हाडांवर काम करता आलं ते बरंचसं याच्यामुळे.

या हाडाची भुकटी करण्याआधी एक मोठं भय असतं. ते म्हणजे आपलं स्वतःचं. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला की सगळं लोणचं बुरसतं, हे कुणाला सांगायला नको. तसंच, उत्खनन करणाऱ्याची एक शिंक, हाताचा घाम, गळून पडलेला केस एवढ्यानेही आजच्या माणसाचा ताजा डीएनए त्या जुन्या हाडात मिसळतो. जुना डीएनए कणभर, ताजा मणभर. मग जे वाचलं जातं ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नसतं, मागच्या मंगळवारी हाड धुणाऱ्या पोऱ्याचं असतं. सुरुवातीच्या काळात असं घडलंही आहे. १९८५ मध्ये स्वीडनचे स्वांते पेबो यांनी इजिप्तच्या ममीतून डीएनए मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. तो आधुनिक माणसाचा मिसळलेला असावा असं पुढे मानलं गेलं. पण त्याच पेबोंनी पुढची अनेक वर्षं ही भेसळ टाळायची रीत बसवली आणि २०२२ मध्ये त्यांना याच कामाबद्दल नोबेल मिळालं. आपली चूक धरून तिच्यावर आयुष्यभर काम करणारा माणूस मला आवडतो.

म्हणून हे काम खास खोल्यांत होतं. राखीगढीच्या हाडांची भुकटी हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतल्या अशाच खोलीत केली. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे कपडे, तोंडाला पट्टी, हातमोजे एकावर एक दोन. टेबल ब्लीचने पुसतात. काम नसताना अतिनील किरणांचे दिवे लावून ठेवतात. खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते, बाहेरची आत येत नाही.

भुकटी एका द्रावणात भिजवतात. त्यात हाडातलं कॅल्शियम विरघळतं आणि अडकलेला डीएनए मोकळा होतो. मग वाळूच्याच जातीचा सिलिका नावाचा पदार्थ वापरतात, त्याला डीएनए चिकटतो, बाकीचं धुऊन जातं. पण चिकटलेलं सगळं माणसाचं नसतं. शंभरातले नव्याण्णव भाग मातीतल्या जंतूंचे असू शकतात. पिठाच्या गिरणीत धान्य ओततात तिथे लोहचुंबक लावलेला असतो ना, खिळा-तार ओढून घ्यायला? इथे तसंच करतात. माणसाच्या मजकुराशी जुळणारे तुकडे बनवून गळासारखे टाकतात. जुनी माणसाची कपटी त्यांना येऊन चिकटतात आणि खरोखरच चुंबकाने ती बाजूला ओढून घेतात.

आता कुणी विचारेल, मिळालेलं कपटं जुनंच कशावरून? नोटेचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं डब्यात घडी घालून ठेवलेली नोट कडेला विरते. ती खूण नव्या नोटेवर नसते. जुन्या डीएनएच्या तुकड्यांचीही टोकं अशीच विरतात. चार अक्षरांतलं एक ठरावीक अक्षर काळाने बिघडतं आणि वाचताना दुसऱ्याच अक्षरासारखं दिसतं, तेही टोकाकडे जास्त. ज्या नमुन्यात हा बिघाड दिसतो तो जुना. तुकडे लांब आणि टोकं कोरीकरकरीत असतील तर समजायचं, कुणाचा तरी ओला चमचा गेला आहे. दोष हाच पुरावा. गंमत आहे की नाही?

या बाईकडून कळलं काय? सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिच्या मजकुरात दोन मोठे वंशप्रवाह मिसळलेले होते. एक भारतीय उपखंडातल्या जुन्या शिकारी, कंदमुळं गोळा करणाऱ्या माणसांचा. दुसरा इराणकडच्या जुन्या लोकांशी दूरचं नातं असलेला. पण हे नातं शेती सुरू होण्याच्याही आधी, बारा हजार वर्षांपलीकडे तुटलेलं. म्हणजे इराणच्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने येऊन इथे शेती आणली, असं तिच्याकडे बघून दिसत नाही. तिसरा एक प्रवाह आज भारतात अनेकांमध्ये कमी-जास्त आढळतो, मध्य आशियाच्या पलीकडच्या गवताळ प्रदेशातल्या गुराखी लोकांचा. तो तिच्यात सापडला नाही.

आईकडून मुलीला जाणारा एक वेगळा डीएनए असतो. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक चुली असतात म्हणा ना, त्यांचा तो. हा बापाकडून येत नाही. आई, आईची आई, तिची आई, अशी सरळ रेघ. सातबारावर नसेना का, इथे मात्र फक्त बाईचीच नोंद. राखीगढीच्या बाईची ही आईकडची रेघ ज्या गटातली आहे त्याला यू२बी२ म्हणतात, आणि ती आजही मुख्यतः आपल्याच भागातल्या लोकांत आढळते.

तुम्ही म्हणाल, एका बाईवरून एवढ्या मोठ्या संस्कृतीबद्दल कसं बोलायचं? शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला असेल तर. माझ्याही मनात हेच आलं. त्याचं उत्तर असं की, इराणमधल्या शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानमधल्या गोनूर या ठिकाणी त्याच काळातली ११ माणसं सापडली होती, जी तिथल्या बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. ही सिंधू संस्कृतीकडून व्यापारासाठी किंवा आणखी कशासाठी गेलेली माणसं असावीत अशी शंका होती. राखीगढीच्या बाईचा मजकूर त्यांच्याशी जुळला. म्हणजे शितं बारा झाली. तरी एवढ्या पसरलेल्या संस्कृतीतली सगळी माणसं तशीच होती असं छातीठोक कुणी सांगू नये, असं मला वाटतं.

आता त्या दोन व्हिडिओंकडे येते. त्याच महिन्यात ५२३ जुन्या माणसांच्या डीएनएवरचा दुसरा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही अभ्यासांत काही शास्त्रज्ञ तेच होते. त्यात दिसलं की गवताळ प्रदेशातला तो तिसरा प्रवाह भारताकडे आला, पण नंतर, म्हणजे चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काळात, सिंधू संस्कृतीची शहरं ओसरत असताना आणि ओसरल्यावर. एका व्हिडिओवाल्याने पहिल्या अभ्यासातलं वाक्य उचललं आणि म्हणाला, बाहेरून कुणी आलंच नाही. दुसऱ्याने दुसऱ्या अभ्यासातलं उचललं आणि शेजाऱ्याला परकं ठरवून मोकळा झाला. दोघांनी पावती अर्धी फाडून दाखवली.

आणि मुळात ती बाई स्वतःच दोन प्रवाहांची होती. मूळची कुणाला म्हणायचं?

यात आणखी एक अभ्यास जोडला पाहिजे. तो जुन्या हाडांचा नाही, जिवंत माणसांचा आहे. २०१३ मध्ये सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातल्या ७३ समाजांचा डीएनए तपासला. त्यात दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे सगळीकडे सरमिसळ होत होती. दूर रानात राहणारे समाजही त्यातून सुटलेले नाहीत. मग सरमिसळ थांबली, लग्नं आपापल्यातच होऊ लागली. म्हणजे जातीबाहेर लग्न नको हा नियम जुना असला तरी अनादि नाही, त्याच्याआधी आपलीच माणसं तो पाळत नव्हती. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या, "हे आमच्या सासऱ्यांना तुम्हीच सांगा." मी रेडिओवरून सांगते आहे.

हाडातून जात कळते का, असंही एकीने विचारलं. नाही. डीएनएत जात लिहिलेली नसते, धर्म नसतो, भाषाही नसते. राखीगढीची ती बाई काय बोलत होती, कोणत्या देवाला हात जोडत होती, पोराला निजवताना काय गुणगुणत होती, यातलं काहीही त्या कपट्यांत नाही. भांडी, मण्यांचे दागिने, शिक्के, चुलीतली राख, जळके दाणे यांवरून दुसरे अभ्यासक थोडंफार सांगू शकतात. नुसत्या डीएनएवर कुणी भाषा आणि धर्म ठोकून सांगत असेल तर त्याला पावती विचारा.

पण बायकांबद्दल या हाडांनी जे सांगितलं आहे, ते मला तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्वीडनमध्ये बिर्का नावाच्या ठिकाणी १८७८ मध्ये एक थडगं उघडलं होतं. हजारेक वर्षांपूर्वीचं. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे. सगळ्यांनी लिहून टाकलं, हा मोठा योद्धा. हाडं बघणाऱ्या काहींनी मधेच म्हटलंही की ही बाईची दिसतात, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनए तपासला, तर ती बाई निघाली. मग काय झालं असेल? हाडं बदलली असतील, शस्त्रं दुसऱ्याची असतील, अशा शंका सुरू झाल्या. शंका घेणं वाईट नाही, शास्त्र त्यावरच चालतं. एवढंच की जवळजवळ १४० वर्षं तो 'पुरुष' होता तेव्हा यातली एकही शंका कुणाला सुचली नव्हती.

आणि माहेर-सासरचं. सैबेरियातल्या चागिर्स्काया गुहेत ५० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसांची, म्हणजे आपल्या एका जुन्या चुलत जातीच्या माणसांची हाडं सापडली. २०२२ मध्ये त्यांचा डीएनए प्रसिद्ध झाला. त्यात एक बाप आणि त्याची वयात आलेली मुलगी ओळखता आली. या टोळीत बापाकडच्या रेघा एकमेकींसारख्या होत्या आणि आईकडच्या वेगवेगळ्या. याचा अर्थ काय, तुम्हीच सांगा. आमच्या बैठकीत मी एवढंच विचारलं आणि तीन-चार जणी एकदम बोलल्या, "बाया बाहेरून नांदायला आल्या!" बरोबर. शास्त्रज्ञांनीही तोच अर्थ काढला.

पण सगळीकडे तसं नव्हतं. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट भागात दोन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत. पन्नासहून अधिक माणसांचा डीएनए तपासून २०२५ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. तिथे उलटं निघालं. बहुतेकांची आईकडची रेघ एकच, शतकांपूर्वीच्या एकाच बाईपर्यंत जाणारी, आणि बापाकडच्या रेघा नाना तऱ्हेच्या. मुली घरीच राहिल्या, जावई बाहेरून आले. घरजावई म्हणून आपण ज्याला हसतो तो तिथे गावचा रिवाज होता. हे ऐकून आजींनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ हसत होत्या.

आपल्या भागातलंही थोडं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी तिथे राहत होते. त्यांची तान्ही बाळं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. बाळ घराबाहेर जाऊ नये म्हणून असेल. हे सांगायला डीएनए लागत नाही.

तेव्हा विहीर खणताना, शेततळं घेताना, घरकुलाचा पाया काढताना तुमच्याकडे असं काही निघालं तर काय करायचं, एवढं सांगून थांबते. रोजगार हमीच्या कामावर आपल्याच बाया असतात, म्हणून मुद्दाम. हाडं दिसली की काम थांबवा आणि पोलीस पाटलांना कळवा. ती जुनी की नवी हे ठरवणं त्यांचं काम, आपलं नाही. जुनी भांडी, मणी, नाणी निघाली तर तलाठी किंवा तहसील कार्यालयाला सांगा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सगळ्यात मुख्य म्हणजे हाड स्वच्छ करायला जाऊ नका. आपल्याला सवय असते, काही मळकं दिसलं की पाण्याखाली धरायची. पाण्याने टिकलेला डीएनए खराब होतो आणि हाताने आपला मिसळतो. मातीसकट, आहे तिथे, वरून सावली करून राहू द्या. फोटो काढायचा तर लांबून काढा आणि सोबत कुठल्या थरात, किती फुटांवर निघालं ते वहीत लिहून ठेवा. गटाच्या वहीत मागची दोन-चार पानं कोरी असतातच.